वाणिज्यदूत मेंडिस : एका सहीची किंमत

परराष्ट्र सेवेतील माणसाचे आयुष्य दुरून पाहणाऱ्याला मोठे झगमगीत वाटते. देशोदेशींचा प्रवास, सरकारी निवासस्थान, मेजवान्या, मानमरातब हे सारे त्यात असतेच. परंतु राजदूताहून खालच्या दर्जाच्या वाणिज्यदूताचा दिवस पाहिला, तर तो बराचसा कारकुनी कामात जात असल्याचे दिसते. परदेशी राहणाऱ्या आपल्या नागरिकांचे जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवून घ्यावेत, व्यापाऱ्यांची कागदपत्रे साक्षांकित करावीत, आणि आपल्या देशात येऊ इच्छिणाऱ्या परक्या माणसाच्या पारपत्रावर व्हिसाचा शिक्का उमटवून खाली सही करावी, असे ते काम. ही सही करताना स्वतःचे मत बाजूला ठेवून राजधानीहून आलेल्या परिपत्रकाप्रमाणे वागावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

अशाच एका वाणिज्यदूताच्या आयुष्याचा परिचय आम्ही येथे करून देणार आहोत. तीस वर्षे त्याने हे काम केले आणि एका जून महिन्यात, अवघ्या काही दिवसांत, त्याने परिपत्रक बाजूला सारले. त्याच्या सहीमुळे हजारो जीव वाचले आणि त्याच सहीने त्याचे स्वतःचे घर धुळीला मिळाले. त्याचे नाव आरिस्तिदेस द सोझा मेंडिस. तो पोर्तुगीज होता आणि श्रद्धावंत कॅथोलिक होता. सोझा आणि मेंडिस ही दोन्ही आडनावे आपल्या धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांत पिढ्यानपिढ्या लिहिली गेलेली आहेत. म्हणून हा माणूस आम्हांस नावानेही अगदीच परका वाटत नाही.

जन्म, शिक्षण आणि संसार

मेंडिस यांचा जन्म १९ जुलै १८८५ रोजी उत्तर-मध्य पोर्तुगालातील काबानास द विरियातो या गावी झाला. घराणे जमीनदारी, जुन्या चालीरीतींचे आणि राजसत्तेला मानणारे होते. वडील न्यायाधीश होते. सेझार नावाचा त्यांचा जुळा भाऊ होता. दोघा भावांनी कोइंब्रा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला आणि दोघेही परराष्ट्र सेवेत शिरले. आरिस्तिदेस यांचा विवाह नात्यातील मारिया अँजेलिना हिच्याशी झाला. या दांपत्याला चौदा मुले झाली.

१९१० साली मेंडिस यांची वाणिज्यदूत म्हणून कारकीर्द सुरू झाली. पहिली नेमणूक दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियानात आणि त्यानंतरची पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबार बेटावर होती. झांझिबारात त्या काळी गोमंतकीयांची वस्ती होती. कारकून, शिंपी, स्वयंपाकी, वाद्यवादक म्हणून पोटासाठी तेथे गेलेले हे गोवेकर कायद्याने पोर्तुगीज प्रजाजन असल्याने त्यांचे कागदपत्र पोर्तुगीज वाणिज्यदूताच्या कचेरीतूनच निघत. पुढे ब्राझील, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को, स्पेनमधील व्हिगो अशा अनेक ठिकाणी त्यांच्या बदल्या झाल्या. १९२९ पासून १९३८ पर्यंत ते बेल्जियममधील अँटवर्प येथे होते.

या कारकिर्दीचे चित्र आम्ही निष्कलंक रंगविणार नाही. राजसत्तेविषयीच्या त्यांच्या आपुलकीमुळे पोर्तुगालच्या प्रजासत्ताक सरकारने १९१९ साली त्यांना काही काळ सेवेतून दूर केले होते. सॅन फ्रान्सिस्कोत तेथील पोर्तुगीज समाजाशी त्यांचा वाद झाला आणि अमेरिकन सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली. हात सैल असल्याने पैशाची ओढ नेहमीची होती आणि वरिष्ठांशी खटके उडत. मात्र घर भरलेले होते. मुलांना वाद्ये शिकविली जात, सणावारी सारे गावच्या वाड्यात जमत. एवढे मोठे कुटुंब एका गाडीत मावेना म्हणून त्यांनी खास बससारखी मोठी मोटार बांधून घेतली होती. काबानासच्या आपल्या वाड्यासमोर त्यांनी ख्रिस्तराजाचा भव्य पुतळा उभारला. बेल्जियमच्या वास्तव्यात या घराने दोन अपत्यांचे मृत्यूही पाहिले.

एकाच मातीतले दोघे

मेंडिस यांच्या गावापासून थोड्याच अंतरावर व्हिमिएरो नावाचे खेडे आहे. तेथे १८८९ साली आंतोनियो द ओलिव्हेरा सालाझार यांचा जन्म झाला. सालाझारही कॅथोलिक. काही वर्षे व्हिझेऊच्या सेमिनरीत त्यांचे शिक्षण झाले. पुढे तेही कोइंब्रालाच कायदा शिकले आणि तेथेच प्राध्यापक झाले. १९३२ साली ते पोर्तुगालचे पंतप्रधान झाले आणि ते पद त्यांनी १९६८ पर्यंत सोडले नाही. त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात मेंडिस यांचा जुळा भाऊ सेझार काही महिने परराष्ट्रमंत्री होता. १९३६ पासून मात्र सालाझार यांनी परराष्ट्रखातेही स्वतःकडेच घेतले. म्हणजे वाणिज्यदूत मेंडिस यांचे सर्वांत वरचे वरिष्ठ साक्षात सालाझारच होते.

सालाझार हे नाव गोव्याला नव्याने सांगावे लागत नाही. त्यांच्याच राजवटीत १९४६ साली त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात कैदेत धाडण्यात आले. गोवा सोडावा असे त्यांना १९६१ च्या डिसेंबरपर्यंत वाटले नाही. असे असले तरी हा मनुष्य चैनी नव्हता. त्यांची राहणी साधी होती आणि स्वतःच्या दृष्टीने ते देश, कुटुंब व धर्म यांचे रक्षण करीत होते. शिस्त आणि आज्ञापालन यांवर त्यांचा अढळ विश्वास होता.

एकाच प्रदेशात जन्मलेल्या, एकाच विद्यापीठात शिकलेल्या, एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या या दोघा कॅथोलिकांची गाठ १९४० साली एका प्रश्नावर पडली. वरिष्ठांची आज्ञा आणि सद्सद्विवेकबुद्धी यांत विरोध आला तर ख्रिस्ती माणसाने काय करावे, हा तो प्रश्न.

परिपत्रक क्रमांक १४

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. पोर्तुगाल तटस्थ राहिला. शेजारी फ्रँकोचा स्पेन होता, पलीकडे हिटलरचे सैन्य होते आणि लहानशा पोर्तुगालला दोघांचीही धास्ती होती. निर्वासितांचे लोंढे आपल्याकडे येऊन येथेच राहतील, ही सालाझार सरकारला मोठी भीती होती. म्हणून ११ नोव्हेंबर १९३९ रोजी परराष्ट्रखात्याने सर्व वाणिज्यदूतांना परिपत्रक क्रमांक १४ पाठविले. ज्यांचे राष्ट्रीयत्व निश्चित नाही असे लोक, कोणत्याही देशाचे नागरिक नसलेले लोक, रशियन, आणि आपल्या देशातून हाकलले गेलेले यहुदी यांना लिस्बनच्या पूर्वपरवानगीवाचून व्हिसा देऊ नये, अशी आज्ञा त्यात होती. जीव वाचविण्यासाठी ज्यांना पळणे भाग होते, नेमक्या त्यांनाच दार बंद झाले.

पोर्तुगाल आणि यहुदी यांच्या संबंधाचा इतिहास जुना आणि दुःखद आहे. १४९६ साली राजा मानुएलने यहुद्यांना देश सोडण्याचे फर्मान काढले. पुष्कळांचा बळजबरीने बाप्तिस्मा झाला. १५६० साली गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनने अशा ‘नव-ख्रिस्ती’ कुटुंबांचाही छळ केला. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या अस्थी त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, उकरून जाळण्यात आल्या. हा इतिहास आपल्याच धर्मबांधवांच्या हातून घडला, हे आपण मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. तो मनात ठेवला, की एका कॅथोलिक पोर्तुगीज अधिकाऱ्याने पुढे जे केले त्याचे मोल अधिक उमजते.

मेंडिस १९३८ पासून फ्रान्समधील बोर्दो या बंदराच्या शहरी वाणिज्यदूत होते. परिपत्रक निघून दहा दिवस होतात न होतात तोच त्यांनी आर्नोल्ड विझ्नित्झर या ऑस्ट्रियन यहुदी प्राध्यापकाला परवानगीवाचून व्हिसा दिला. प्राध्यापक छावणीत डांबला जाण्याच्या बेतात होता. १९४० च्या मार्चमध्ये एदुआर्दो नेइरा लापोर्ते या स्पॅनिश डॉक्टरालाही त्यांनी असाच व्हिसा दिला. लिस्बनने खडसावले आणि पुन्हा असे घडल्यास कारवाई होईल असे बजावले. म्हणजे जूनमध्ये जे झाले ते नकळत झाले नव्हते. आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे मेंडिस पुरते जाणून होते.

बोर्दोतील जून

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्याने पश्चिमेकडे मुसंडी मारली. हॉलंड आणि बेल्जियम पडले. १४ जूनला पॅरिस जर्मनांच्या हाती गेले आणि फ्रेंच सरकार बोर्दोत आले. त्याच्या आगेमागे लक्षावधी माणसे दक्षिणेकडे धावत सुटली होती. कोणी मोटारीने, कोणी सायकलवर, कोणी हातगाडीवर गाठोडी टाकून पायी चालले होते.

या साऱ्यांची सुटका एका सहीवर का अवलंबून होती, हे समजून घेतले पाहिजे. युरोपच्या पश्चिम टोकाला लिस्बनचे तटस्थ बंदर उघडे होते आणि तेथून अमेरिकेला जहाजे जात. लिस्बनला जायचे तर स्पेन ओलांडावा लागे. स्पेन आपल्या भूमीवरून जाऊ देई, पण पुढे पोर्तुगालात प्रवेश मिळणार याची खात्री असेल तरच. ही खात्री म्हणजे पारपत्रावरील पोर्तुगीज व्हिसा. हे कुलूप मेंडिस यांच्या कचेरीत उघडत होते आणि त्याची किल्ली लिस्बनने स्वतःच्या खिशात ठेवली होती.

बोर्दोत मेंडिस यांची गाठ हाइम क्रुगर या यहुदी धर्मगुरूशी पडली. मूळचे पोलंडचे हे रब्बी ब्रुसेल्सहून पत्नी आणि पाच मुलांसह पळून आले होते. त्या कुटुंबाला मेंडिस यांनी आपल्या घरी आणले. त्यांच्यासाठी आणि इतर काहींसाठी १३ जूनला लिस्बनला तार करून परवानगी मागितली. नकार आला. तरीही आपण तुमच्या कुटुंबाला व्हिसा देतो, असे मेंडिस यांनी सांगितले. रब्बींनी तो नाकारला. रस्त्यावर आपले हजारो बांधव पडलेले असताना एकट्याने पार होणे त्यांना मान्य नव्हते.

येथे मेंडिस खचले. १४ जूनच्या सुमारास त्यांनी अंथरूण धरले. दोन-तीन दिवस ते खोलीत कण्हत आणि तळमळत पडून होते, असे त्यांच्या घरच्यांनी पुढे सांगितले आहे. शौर्याच्या कथांमध्ये आपल्याला असा प्रसंग सहसा आढळत नाही. आम्हांस मात्र या दोन-तीन दिवसांचे फार मोल वाटते. पदरी डझनभर मुले, गावी वाड्याचा खर्च, डोक्यावर कर्ज, आणि नोकरी गेली तर दुसरे साधन नाही. गेथसेमनी बागेत प्रभूलाही घाम फुटला होता, हे आपण दर चाळिशीत आठवतो. खरा निर्णय भीतीवाचून होत नसतो.

१७ जूनच्या सुमारास मेंडिस अंथरुणातून उठले. त्यांनी दार उघडले आणि आता राष्ट्रीयत्व, वंश, धर्म न पाहता सर्वांना व्हिसा मिळेल असे जाहीर केले. आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला अनुसरून आपण ख्रिस्ती म्हणून वागणार आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच दिवशी मार्शल पेतँ यांनी फ्रान्सतर्फे जर्मनीकडे शस्त्रसंधीची याचना केली. हाती किती दिवस उरले आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मग कचेरीत एकच धांदल उडाली. शुल्क घेणे बंद झाले. रब्बी क्रुगर बाहेर जाऊन लोकांची पारपत्रे गोळा करून आणीत. मेंडिस यांचे मुलगे शिक्के मारीत. अँजेलिनाबाई घरातल्या वृद्धांचे, आजाऱ्यांचे आणि लेकुरवाळ्यांचे जेवणखाण पाहत. माणसे जिन्यावर, खुर्च्यांवर, सतरंज्यांवर झोपत. रांगेतली जागा जाईल या भीतीने पुष्कळ जण खायलाही उठत नसत. मेंडिस सकाळपासून रात्री उशिरापर्यंत सह्या करीत राहिले. पुढे पुढे लांबलचक नाव लिहायलाही वेळ पुरेना, तेव्हा ते नुसते ‘मेंडिस’ एवढीच सही करू लागले.

२० जूनच्या सुमारास ते स्पेनच्या सरहद्दीजवळील बायोन येथे गेले. तेथील पोर्तुगीज उपवाणिज्यदूत परिपत्रकावर बोट ठेवून लोकांना परतवीत होता. मेंडिस यांनी आपण त्याचे वरिष्ठ असल्याचे सांगून तेथेही व्हिसा देण्यास सुरुवात केली. तूलूझच्या उपवाणिज्यदूतालाही त्यांनी तशीच सूचना दिली. सरहद्दीवरील आंदाय या गावीही त्यांनी निर्वासितांना मदत केली. इकडे लिस्बनला तक्रारी पोहोचल्या होत्या. माद्रिदहून पोर्तुगालचे राजदूत पेद्रू तेओतोनियो परेरा सरहद्दीवर आले आणि या माणसाचे डोके ठिकाणावर नाही असा निर्वाळा त्यांनी दिला. २३ जूनला मेंडिस यांचा व्हिसा देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना परत बोलावण्यात आले. त्यांच्या सहीचे व्हिसा मानू नयेत असे स्पेनला कळविले गेले. तोपर्यंत पुष्कळ माणसे पार झाली होती. ८ जुलै रोजी मेंडिस पोर्तुगालात परतले.

किती माणसे?

मेंडिस यांनी तीस हजार व्हिसा दिले आणि त्यांतील दहा हजार यहुद्यांना मिळाले, असा आकडा अनेक वर्षे सांगितला जातो. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर या आकड्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. याद वाशेम या इस्रायलमधील स्मृतिसंस्थेचे इतिहासकार अव्राहम मिलग्राम यांनी बोर्दोची नोंदवही तपासली. १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळात तीत २,८६२ व्हिसांची नोंद आहे. त्यांपैकी १,५७५ व्हिसा ११ ते २२ जून या बारा दिवसांतले आहेत. एका व्हिसावर कधी संपूर्ण कुटुंब जाई, बायोन आणि इतर ठिकाणचे व्हिसा या वहीत नाहीत, आणि त्या गर्दीत सर्व नोंदी झाल्या असतीलच असे नाही. तरीही तीस हजार हा आकडा अतिशयोक्त असल्याचे मिलग्राम यांचे मत आहे आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहेत.

आम्हांस वाटते, की आकडा कमी धरल्याने मेंडिस यांची उंची कमी होत नाही. वाचलेल्यांत ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील ओटो फॉन हाब्सबुर्ग होते, रॉथशिल्ड घराण्यातील माणसे होती. पण बहुसंख्य ज्यांची नावे कोणी विचारीत नाही अशीच माणसे होती : शिंपी, शिक्षक, विधवा, कडेवर मूल घेतलेल्या आया. हेरोदाच्या भयाने रातोरात मिसरला निघालेल्या पवित्र कुटुंबाची कथा आपण दर नाताळात ऐकतो. त्या कुटुंबाला सरहद्दीवर कोणी परवाना विचारला असता तर काय झाले असते, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो.

शिक्षा आणि विपन्नावस्था

लिस्बनमध्ये मेंडिस यांच्यावर खात्यांतर्गत खटला चालला. १२ ऑगस्टला त्यांनी आपला बचाव लेखी दिला. त्यात त्यांनी काही नाकारले नाही. ज्यांच्या यातनांचे वर्णन करता येत नाही अशा लोकांना वाचविणे हाच आपला हेतू होता, असे त्यांनी सांगितले. शिस्त समितीने पदावनती सुचविली होती. सालाझार यांनी ३० ऑक्टोबर १९४० रोजी त्याहून कडक निर्णय दिला : एक वर्ष निम्म्या वेतनावर कामाविना ठेवावे आणि त्यानंतर सक्तीने निवृत्त करावे. पन्नाशी उलटलेल्या त्या गृहस्थाला पुन्हा कधी कोणती नेमणूक मिळाली नाही.

मुलांचीही वाताहत झाली. पोर्तुगालात पुढे येण्याची वाट बंद झाल्याने एकेक करून ती अमेरिका, कॅनडा, आफ्रिका अशी पांगली. कॅलिफोर्नियात जन्मलेले दोन मुलगे अमेरिकन सैन्यात गेले. कर्ज वाढत गेले. लिस्बनमधील यहुदी समाजाने निर्वासितांसाठी स्वयंपाकघर चालविले होते. तेथे हे कुटुंब जेवायला जाऊ लागले. ही जागा परक्या निर्वासितांसाठी आहे असे कोणी सुचविले, तेव्हा आम्हीही निर्वासितच आहोत असे मेंडिस यांनी उत्तर दिल्याचे सांगतात. आश्चर्य असे, की युद्ध संपल्यावर निर्वासितांना आसरा दिल्याबद्दल जगात सालाझार यांच्या पोर्तुगालची वाहवा होत होती. ते श्रेय ज्याच्या सहीने मिळाले, तो मनुष्य आपली शिक्षा रद्द व्हावी म्हणून सरकारदरबारी अर्ज करीत होता. १९४५ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९४८ साली अँजेलिनाबाई वारल्या.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोर्दोत असतानाच मेंडिस यांचे आंद्रे सिबियाल या फ्रेंच स्त्रीशी संबंध जुळले होते आणि १९४० साली त्या संबंधातून एका मुलीचा जन्म झाला. अँजेलिनाबाईंच्या मृत्यूनंतर, १९४९ साली, त्यांनी आंद्रेशी विवाह केला. अँजेलिनाबाईंनी त्या जूनमध्ये पतीच्या खांद्याला खांदा लावला, त्याच्याबरोबर दारिद्र्य सोसले आणि हेही दुःख सोसले. हे लपवून मेंडिस यांची मूर्ती घडविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. दाविद राजाचे पाप पवित्र शास्त्राने झाकलेले नाही आणि पेत्राचा नकारही झाकलेला नाही. देव आपल्या कार्यासाठी निर्दोष माणसांचीच वाट पाहत बसत नाही, असा बोध आम्ही यातून घेतो. त्याचबरोबर, एका क्षेत्रातील धैर्याने दुसऱ्या क्षेत्रातील चूक धुऊन निघत नाही, हेही खरे आहे.

३ एप्रिल १९५४ रोजी लिस्बनमधील फ्रान्सिस्कन रुग्णालयात मेंडिस यांनी देह ठेवला. स्वतःचा धड पोशाख उरला नसल्याने त्यांना फ्रान्सिस्कन झग्यातच पुरण्यात आले, असे सांगितले जाते. काबानासचा वाडा कर्जापायी विकला गेला आणि वर्षानुवर्षे पडीक राहिला.

उशिरा मिळालेला न्याय

वडिलांचे नाव स्वच्छ करण्याचे काम परदेशी गेलेल्या मुलांनी सोडले नाही. १९६६ साली याद वाशेमने मेंडिस यांना ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा सन्मान दिला. यहुद्यांचे प्राण वाचविण्यासाठी स्वतःला संकटात घालणाऱ्या अन्य धर्मीयांसाठी तो असतो. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र सालाझार यांची राजवट असेपर्यंत त्यांचे नाव घेण्याची सोय नव्हती. १९७४ च्या एप्रिलमध्ये ती राजवट कोसळली. १९८७ साली राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरेस यांनी कुटुंबाची क्षमा मागितली. १९८८ साली पोर्तुगालच्या संसदेने एकमताने त्यांच्यावरील आरोप रद्द करून त्यांना राजदूताचा दर्जा बहाल केला. मृत्यूला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. १९ ऑक्टोबर २०२१ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय स्मृतिमंदिरात त्यांच्या नावाचा स्मृतिलेख बसविण्यात आला. मोडकळीस आलेला वाडा दुरुस्त होऊन २०२४ साली तेथे संग्रहालय उघडले.

१७ जून २०२० रोजी, त्या निर्णयाला ऐंशी वर्षे झाली त्या दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी आपल्या साप्ताहिक भेटीत सद्सद्विवेकबुद्धीच्या दिनाचा उल्लेख करून मेंडिस यांचे स्मरण केले. २०२५ साली दिवंगत झालेल्या या पोपमहाशयांनी आयुष्यभर निर्वासितांची बाजू मांडली. त्यांच्या तोंडी या वाणिज्यदूताचे नाव यावे, हे उचितच झाले.

आपल्यासाठी बोध

आज्ञापालन हा सद्गुण आहे. आईवडिलांची, धर्मगुरूंची, वरिष्ठांची आज्ञा पाळावी असे आपण मुलांना शिकवितो आणि ते योग्यच आहे. परंतु प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र आणि इतर प्रेषित न्यायसभेपुढे उभे असताना त्यांनी दिलेली साक्षही आपण वाचतो. देवाची आज्ञा आणि माणसाची आज्ञा परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या, तर पहिली कोणती मानायची, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली सद्सद्विवेकबुद्धीचे हेच महत्त्व विशद केले. अर्थात वरिष्ठांविरुद्ध जाणारा प्रत्येक हट्ट म्हणजे सद्सद्विवेकबुद्धी नव्हे. मेंडिस यांनी पूर्वी वरिष्ठांशी घातलेले वाद आणि १९४० चा निर्णय यांत मोठे अंतर आहे. आधीच्या वादांत त्यांचा स्वतःचा मान गुंतलेला असे. जूनच्या निर्णयात स्वतःचे काहीच मिळवायचे नव्हते, सारे गमवायचेच होते. आपल्या मनातला आवाज देवाचा की अहंकाराचा, हे ओळखण्याची याहून सोपी खूण आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली आज सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, रुग्णालयांत, विमानतळांवर आणि परदेशच्या कंपन्यांत काम करतात. त्यांच्याही हातात शिक्का असतो आणि समोर अर्ज घेऊन उभा असलेला कोणी गरजू असतो. बोर्दोसारखी घटका बहुतेकांच्या वाट्याला येणार नाही, आणि येऊही नये. पण अर्जामागचा माणूस पाहण्याची सवय रोजच्या लहान कामांतच लागते. ती नसेल, तर मोठ्या प्रसंगी अचानक कोठून येणार?

त्या जूनमध्ये सुटलेल्या काही कुटुंबांनी आपली जुनी पारपत्रे जपून ठेवली आहेत. कागद पिवळा पडला आहे, शाई फिकी झाली आहे. शिक्क्याखाली घाईघाईने लिहिलेले एक आडनाव मात्र अजून वाचता येते. आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांतही आढळणारे तेच ते नाव : मेंडिस.